मॅनेजमेंटने खाल्लेल्या दोन ओळी

प्रश्न असा आहे: एका जुन्या घरगुती संगणकावर भजनाचे ध्वनिमुद्रण केले. त्यात एके ठिकाणी थोडा वेळ आवाजच नाही. हा दोष संगणकाच्या कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा होता, की आणखी कुणाचा?

प्रश्न लहान आहे, हे मी मान्य करते. परंतु माझी सगळी नोकरी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, आणि लहान प्रश्न नीट सोडवल्याशिवाय मोठ्याला हात घालू नये, असे मी मुलांना सांगत आले. शिवाय ज्या गृहस्थांमुळे हा प्रश्न उभा राहिला, ते लहान प्रश्न मोठ्या आवाजात मांडण्यासाठीच आमच्या चाळीत प्रसिद्ध होते.

लालबागच्या त्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहत. सगळे त्यांना लीडर म्हणत. गिरणीत ते साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होते आणि आपल्या खात्याच्या कामगारांचे प्रतिनिधी होते. संप होऊन गेल्याला पुष्कळ वर्षे लोटली, गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तरी कुणी ‘संप संपला तेव्हा’ असे वाक्य सुरू केले की ते थांबवत आणि दुरुस्ती सुचवत: संप मागे घेतलेला नाही, गिरणी मागे गेली.

सकाळी ते गॅलरीत उभे राहून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. बातमी पटली नाही तर ती सुधारून वाचत. बसचे भाडे वाढल्याची बातमी त्यांनी एकदा ‘भाडेवाढ नामंजूर’ अशी वाचली. मी ती शिक्षकांच्या खोलीत विश्वासाने सांगितली आणि परतताना कंडक्टरने माझा गैरसमज दूर केला. त्याबद्दल विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले की आपण नामंजूर केली, एवढेच खरे आहे, कंपनीने काय केले ते कंपनीला विचारा.

घरात त्यांना चहा हवा असला तर ते चहाची मागणी करत. मी वहिनी म्हणत असे त्या त्यांच्या पत्नी स्वयंपाकाच्या ओट्याकडून तोंडही न फिरवता उत्तर देत, “मागणी विचाराधीन असा.” त्या मालवणी बोलत आणि कमी बोलत. गिरणीच्या मालकांशी चर्चेला लीडरांऐवजी वहिनी गेल्या असत्या, तर काय झाले असते, याचा मी अनेकदा विचार केला आहे. दोन्ही बाजू चहा न पिता परतल्या असत्या, इतके नक्की.

संपानंतर ते परळच्या एका औषधांच्या दुकानात कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मालकाला सांगितले की दिवसभर उभे राहणाऱ्या माणसांना बसायला स्टूल मिळाले पाहिजे. मालक भला माणूस होता, त्याने दुसऱ्या दिवशी एक स्टूल आणले. लीडर त्यावर बसले नाहीत. सगळ्यांना मिळाल्याशिवाय एकाने बसायचे नाही, असे त्यांनी दुकानातल्या इतरांकडूनही कबूल करून घेतले. ते स्टूल अनेक वर्षे दुकानात रिकामे उभे होते आणि त्याच्याभोवती पाय दुखणारी माणसे होती. शेवटी त्यावर खोकल्याच्या औषधाचे खोके ठेवू लागले. या कृतीला ते विजय म्हणत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी संगणक आला. लीडरांचा पुतण्या वडाळ्याला राहत होता आणि दादरच्या एका कचेरीत नोकरीला होता. कचेरीने जुने संगणक काढून टाकले, त्यातला एक त्याने काकांना आणून दिला. इंटरनेटची तारही त्यानेच जोडून दिली. संगणक मूळचाच साधा होता, आणि त्यावर त्याच्या कुवतीपेक्षा भारी, नवी कार्यप्रणाली चढवलेली होती. परिणाम असा झाला की कळ दाबली, की पडदा उजळेपर्यंत वहिनींचे तांदूळ निवडून होत.

सुरुवातीला मला वाटले की लीडर यंत्रावर चिडतील. ते यंत्रावर चिडले नाहीत. त्यांनी त्या खोक्याची पाहणी केली, त्यावर हात ठेवून तो किती तापला आहे ते पाहिले, आणि मला बोलावून निष्कर्ष सांगितला.

“बाई, हा खालचा डबा कामगार आहे. गरीब आहे, त्याला बोल लावू नका. वरचं मॅनेजमेंट खातंय.”

मॅनेजमेंट म्हणजे कार्यप्रणाली. तेव्हापासून त्यांनी तिला दुसऱ्या नावाने संबोधले नाही.

यात काही तथ्य होते, हे मला नमूद केले पाहिजे. वर्गात मी हा मुद्दा फळ्याच्या उदाहरणाने शिकवत असे. संगणकाची स्मृती म्हणजे फळा. फळा लहान असेल आणि त्याचा बहुतेक भाग शाळेच्या सूचनांनीच भरलेला असेल, तर गणित सोडवायला कोपरा उरतो. मग शिक्षकाला काही सूचना वहीत उतरवून फळा पुसावा लागतो, दोन पायऱ्या सोडवाव्या लागतात, पुन्हा गणित वहीत उतरवून सूचना फळ्यावर लिहाव्या लागतात. शिक्षक सतत लिहीत असतो आणि गणित पुढे सरकत नाही. मी हे लीडरांना समजावून सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले की सूचना कुणाच्या सहीने लागल्या आहेत.

खोक्यावरचा लहान दिवा कुणी काही करत नसतानाही लुकलुकत असे. ते त्याच्याकडे बोट दाखवत म्हणत, “काम चाललंय. पण कुणाचं?”

मी सांगितले की कार्यप्रणाली स्वतःच्या सुधारणा तारेवरून उतरवून घेत असते.

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. तुम्ही होकार दाबला होता.”

यावर त्यांनी तो करार वाचायला मागितला. तो इंग्रजीत होता आणि फार लांब होता. मी तीन पडदे भाषांतर करून सांगितले. चौथ्या पडद्यावर ते उठले आणि म्हणाले की इतक्या लहान अक्षरात करार छापायची हिंमत आमच्या गिरणीमालकांनाही झाली नव्हती. वहिनींनी मात्र शांतपणे विचारले, “सही केल्यावर वाचूक लागलास?” करारवाचन तेथेच थांबले.

मग त्यांनी कामगाराच्या हक्कांकडे लक्ष वळवले. संगणकाला जेवणाची सुट्टी दिली. दुपारी ठरल्या वेळी ते त्याचे बटण बंद करत आणि त्यावर वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घालत. पाळी संपली की पुन्हा बंद. रविवार साप्ताहिक सुट्टीचा. पुतण्याने एका रविवारी येऊन संगणक लावला, तर लीडरांनी त्याला, आज संगणकाचा कामाचा वार नाही, असे सांगून लुगडे परत घातले. चाळीतली माणसे हसत असत. मीही हसत असे. या हक्कांचा आणि मंदपणाचा काही संबंध असेल, हे मला तेव्हा सुचले नाही.

आता भजनाकडे येते.

कोकणातून आलेल्या कामगारांच्या चाळींतून डबलबारी होत असे. दोन भजनी बुवा आपापले साथीदार घेऊन समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, आणि देवाचे गाऊन झाले की एकमेकांना गाण्यातच टोले देतात. लीडर एका मंडळाचे बुवा होते. त्यांचे थोरले भाऊ, पुतण्याचे वडील, दुसऱ्या मंडळाचे. दोघे भाऊ एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. गणपतीत समोरासमोर बसले की रक्ताचे नाते बाजूला ठेवून एकमेकांची अब्रू काढत, आणि बारी संपली की एका ताटात जेवत. संपानंतर थोरले भाऊ कणकवलीकडच्या गावी गेले ते तिकडेच राहिले.

त्या भावांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय पुष्कळसे सावरले, पण वाचा गेली. लीडर भेटून आले, त्यानंतर काही दिवस गॅलरीत वर्तमानपत्र वाचले गेले नाही. चाळीला बातम्या चुकीच्या का होईना, पण मिळण्याची सवय होती. आम्ही अस्वस्थ झालो.

एके संध्याकाळी ते एक कॅसेट घेऊन माझ्याकडे आले. संपातल्या पहिल्या गणपतीत या दोघा भावांची जी बारी झाली, ती कुणीतरी ध्वनिमुद्रित केली होती. फीत एकदा तुटून चिकटवलेली होती, आणि दुसरीकडेही विरली होती. आणखी दोन-चारदा वाजली असती, त्यापुढचे सांगता येत नव्हते. पुतण्या गणपतीला गावी जाणार होता. त्याच्याबरोबर त्यांना या बारीची सीडी पाठवायची होती.

“दादाला त्याचा आवाज ऐकवायचाय,” ते म्हणाले. “नुसता तोच. दुसरं काय नाय.”

रीत सोपी होती. टेपरेकॉर्डरमधून एक वायर संगणकाला जोडायची, फीत वाजवायची आणि संगणकाने ती टिपून घ्यायची. एका संध्याकाळी मी, लीडर आणि वहिनी बसलो. फीत सुरू झाली. थोरल्या भावांचा आवाज मी प्रथमच ऐकला. उंच, स्वच्छ, जरासा खोडकर. लीडर मांडीवर ठेका धरून बसले होते. टोल्यांची वेळ आली तशी त्यांनी मला खूण केली, की आता ऐका. दादांनी गजरात टोला हाणला:

‘गिरणीचा भोंगा तू केलास बंद,
तुझ्या तोंडाचा भोंगा कोण करील बंद?’

लोकांचा हशा ऐकू आला. मग तरुण लीडरांचा आवाज उठला, आणि उत्तर आले:

‘दादा, तुझा गळा ज्या दिवशी बसेल,
त्या दिवशी माझं तोंड मुकं असेल.’

यावर त्याच्या दुप्पट हशा झाला. तो फितीवरचा. खोलीत कुणी हसले नाही. लीडरांचा मांडीवरचा हात थांबला होता. वहिनी उठून ओट्याकडे गेल्या.

फीत संपली. संगणकाने काय टिपले ते ऐकले, तर सगळी चाळण झाली होती. दिवा सारखा लुकलुकत होता, त्या अवधीत कार्यप्रणाली स्वतःचेच काम उरकत बसली होती, आणि गाण्याचे तुकडे गळून गेले होते. ‘गिरणीचा भों... केलास... तोंडाचा भोंगा को...’ असे ते ऐकू येत होते. अभंगांचीही तीच गत. विठ्ठल एकदाही पूर्ण उच्चारला गेला नव्हता.

लीडर त्या दिवशी यंत्रासमोर जे बोलले, ते मी येथे देत नाही. त्यातला सभ्य भाग असा की मॅनेजमेंटने गिरणी घेतली, जमीन घेतली, आता भावाचा आवाज घ्यायला घरात आले.

फितीचे एक वाजणे वाया गेले होते. म्हणून मी ठरवले की पुढचा प्रयत्न करण्यापूर्वी कारण शोधायचे. शाळेत प्रयोग फसला की मी मुलांना साहित्याला शिव्या देऊ देत नसे. आधी कृती तपासायची. मी एक दिवस त्यांच्या खोलीत बसून सगळी कृती पाहिली. संगणक सुरू झाला. सुधारणा उतरू लागल्या. त्या बसवायची वेळ आली तशी पडद्यावर सूचना आली, की काम चालू आहे, कृपया संगणक बंद करू नका. नेमकी तेव्हाच जेवणाची सुट्टी झाली. लीडरांनी बटण बंद केले.

मी विचारले की सूचना वाचली नाही का. ते म्हणाले, वाचली, रोज येते.

“मग बंद का केलंत?”

“बंद करू नका म्हणजे? बंद करायचा हक्क काय त्यांच्या एकट्याचा? टाळेबंदी करताना आम्हाला विचारलं होतं?”

कारण सापडले होते. बिचारा संगणक रोज तेच काम पहिल्यापासून सुरू करत होता, रोज ते अर्ध्यावर तोडले जात होते, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच्या डोक्यावर बसत होते. कार्यप्रणाली जड होती हे खरे, परंतु तिला कधीच मोकळे होऊ दिले नव्हते. मी हे त्यांना सांगितले. संगणक एकदा सलग चालू ठेवा, मधे सुट्टी देऊ नका, काम पुरे होऊ द्या, म्हणजे तो श्वास घेईल.

“सलग? म्हणजे ओव्हरटाइम,” ते म्हणाले. “ते माझ्या हातून होणार नाय.”

मी पुष्कळ समजावले. यंत्राला थकवा येत नाही, असे म्हटले. ते म्हणाले, हे वाक्य मी साच्यांवर असताना माझ्याबद्दल ऐकलं आहे. पुतण्याची जाण्याची तारीख जवळ येत होती. शेवटी वहिनी मधे पडल्या. ओट्याकडून त्यांनी एवढेच विचारले, “बदली सुट्टी देवक येवची नाय?”

गिरणीत सुट्टीच्या दिवशी काम केले तर त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेता येई. लीडरांनी विचार केला आणि ही अट मान्य केली. मला साक्षीदार धरले. त्या रविवारी सकाळी संगणक सुरू केला, तो दिवसभर चालला. लीडर त्याच्याजवळ पंखा लावून बसले. दुपारी स्वतः जेवायलाही उठले नाहीत, कामगार उपाशी असताना आपण जेवायचे नाही म्हणून. संध्याकाळी सुधारणा बसून झाल्या, आणि दिवा प्रथमच स्थिर झाला. मी इंटरनेटची तार काढून ठेवली आणि नको असलेले प्रोग्रॅम बंद केले. संगणक चपळ झाला असे मी म्हणणार नाही, पण त्याची धाप थांबली. मी चाचणीसाठी वहिनींना एक ओवी म्हणायला लावली. ती अखंड टिपली गेली. पुन्हा म्हणायला लावली, पुन्हा अखंड.

त्याच वेळी मी लीडरांना आणखी एक गोष्ट शिकवली. फितीच्या सुरुवातीला गाण्याआधी नुसती खरखर असते. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यातला हवा तेवढा भाग माउसने निवडायचा आणि एक कळ दाबायची, म्हणजे तेवढा भाग मुका होतो. त्यांनी ते दोनदा करून दाखवले. त्यांचा हात मागाच्या सवयीचा, जागा अचूक धरत होता.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत परीक्षेचे काम होते. ध्वनिमुद्रण लीडर आणि वहिनी या दोघांनीच केले. मी परतले तेव्हा सीडी तयार होऊन पुतण्या ती घेऊनही गेला होता, आणि संगणकावर लुगड्याचा तुकडा होता. त्याला बदली सुट्टी लागू झाली होती.

गणपती झाल्यावर पुतण्या परत आला आणि त्याने हकिगत सांगितली. गावच्या घरी पडवीत सगळे बसले होते. आजूबाजूची माणसेही आली होती. सीडी लावली. थोरले भाऊ पहिल्यांदा नुसते ऐकत राहिले. गजर आला. त्यांच्या स्वतःच्या आवाजातला तो टोला आला, की गिरणीचा भोंगा बंद केलास, तुझ्या तोंडाचा भोंगा कोण करील बंद? त्यावर हशा झाला. पुढे काही नाही. एकदम शांतता. समोरच्या बुवाकडून उत्तरच नाही. मग पुन्हा हशा, पहिल्याहून मोठा. पडवीतली माणसेही त्या हशात सामील झाली. भाऊ बाजेच्या कडेवर हात आपटू लागले. आधी घरच्यांना वाटले की काही त्रास होतो आहे. ते हसत होते. तोच भाग पुन्हा लावा, अशी खूण करत होते. किती वेळा लावला ते पुतण्याने मोजले नव्हते.

“बाबा म्हणजे बारी जिंकल्यासारखे बसले होते हो,” तो म्हणाला. “पण काका, तुमचं उत्तर कुठं गेलं?”

लीडर खुर्चीत मागे टेकले. “मॅनेजमेंटनं खाल्लं,” ते म्हणाले. “भर बारीत दगा दिला. माझाच माईक बंद केला.”

मी म्हटले की फीत अजून एखादे वाजणे सहन करील, आपण तेवढा भाग पुन्हा टिपून घेऊ, संगणक आता नीट चालतो आहे. लीडर म्हणाले की संगणक सुट्टीवर आहे. मी म्हटले की सुट्टी कधीच संपली. ते म्हणाले की शिल्लक रजा आहे.

“ऱ्हवांदे, बाई,” वहिनी ओट्याकडून म्हणाल्या. “जिंकांदे तेंका.”

आणि त्या दिवशी मी पाहिले की लीडरांनी मागणी न करता वहिनींनी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

पुढे लीडर जिवंत होते तोवर त्यांनी या बाबतीत कार्यप्रणालीवरचा आरोप मागे घेतला नाही. चाळीत कुणाचाही संगणक अडला, की ते मॅनेजमेंटच्या त्या दग्याचे उदाहरण देत आणि ऐकणाऱ्याला पटवत. मला मात्र माझ्या विषयाशी प्रामाणिक राहून काही निरीक्षणे मांडणे भाग आहे. पुतण्याने त्या सीडीची एक प्रत मलाही दिली होती, ती मी अनेकदा ऐकली आहे. मंद संगणक आवाज गाळतो तेव्हा शब्दाच्या मधेच गाळतो, अनेक ठिकाणी गाळतो, आणि मागचे-पुढचे एकमेकांना भिडवून टाकतो. या सीडीत दुसरा कुठलाही शब्द तुटलेला नाही. शांतता एकदाच येते. ती पहिला हशा विरल्यावर सुरू होते, दोन ओळी गायला जेवढा वेळ लागतो तेवढीच टिकते आणि सम येण्याआधी संपते. त्या शांततेत फितीची खरखरही नाही. त्यानंतरचा हशा मात्र पहिल्या क्षणापासून शाबूत आहे.

कार्यप्रणालीचे अपराध पुष्कळ आहेत आणि त्यांची यादी करायला मी कुणालाही मदत करीन. हा अपराध तिचा नाही, असे माझे मत आहे. परंतु शिक्षिकेने सांगितले म्हणून कुणी ते मानू नये. आपल्या घरी एखादा जुना, धापा टाकणारा संगणक असेल, त्याच्या सुधारणा चालू असतील, तर त्यावर कुठलेही भजन टिपून पाहावे. तो दोन पूर्ण ओळी बरोबर उचलतो का आणि हशा जागच्या जागी ठेवतो का, हे कृपया आपण स्वतः तपासावे.